मॉनिटर कोठें बसवावा?

माझी उभी हयात वर्गांत गेली. वर्गांत एक ‘मॉनिटर’ असतो, हें आपणां सर्वांस ठाऊक आहे. गुरुजी फळ्याकडे तोंड करून लिहीत असतां पाठीमागें काय चाललें आहे तें त्यानें पाहावें आणि वेळींच सावध करावें, एवढ्यासाठीं त्याची नेमणूक. हा शब्द मूळचा लॅटिन भाषेंतील असून, ज्या धातूपासून तो निघाला त्याचा अर्थ सूचना देणें, सावध करणें असा आहे. गंमत अशी कीं, आज माझ्या नातीच्या खोलींत मला तीन प्रकारचे मॉनिटर दिसतात. टेबलावर संगणकाचे जे दोन पडदे आहेत त्यांस मॉनिटर म्हणतात. त्यांच्या दोहों बाजूंस जे ध्वनिक्षेपक ठेवले आहेत त्यांसही ध्वनिमुद्रणाच्या धंद्यांतील लोक मॉनिटरच म्हणतात. आणि तिसरी मॉनिटर म्हणजे खुद्द माझी नात, कारण इयत्ता नववीच्या वर्गानें तिला त्या पदावर बसविलें आहे. तिघांचें काम मात्र एकच. जें आपल्या लक्षांत यावयास हवें, पण आपल्या नादांत राहून जातें, तें वेळेवर सांगणें. आजच्या भाषणांत मी पहिल्या प्रकारच्या मॉनिटरांविषयीं, म्हणजे संगणकावर गाणें मुद्रित करतांना दोन पडद्यांवर कोणती खिडकी कोठें मांडावी ह्याविषयीं, बोलणार आहें.

असला विषय एका शाळामास्तरानें कां घ्यावा, असें कोणी विचारील. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंत. संगीत मीं गुरूपाशीं बसून घेतलेलें नाहीं, आणि संगणक तर निवृत्तीनंतर हातीं आला. पण ह्या पडद्यांच्या मांडणींत मीं एक चूक केली, आणि तिची किंमत पैशानें भरून येण्यासारखी नव्हती. ती चूक इतरांच्या घरीं होऊं नये, एवढाच ह्या भाषणाचा हेतु आहे.

प्रथम थोडें मागें जाऊं. १९०२ सालीं कलकत्त्यास गौहरजान यांचें गाणें ग्रामोफोन कंपनीनें मुद्रित केलें, त्या काळीं गाणाऱ्यापुढें माइक नसे. एक मोठा कर्णा असे. त्यांत आवाज शिरावा आणि दुसऱ्या टोकास असलेल्या सुईनें तो मेणाच्या तबकडीवर कोरावा, अशी ती योजना. आवाज कमी-अधिक करावयाचा तर गाणाऱ्यानेंच कर्ण्याच्या जवळ किंवा दूर सरावयाचें. पुढें विजेचा माइक आला, मग चुंबकीय फीत आली. एकाच फितीवर शेजारीं शेजारीं अनेक पट्टे मुद्रित करण्याची कला साधली. १९५७ सालीं अमेरिकेंतील वादक लेस पॉल यांच्यासाठीं ॲम्पेक्स कंपनीनें आठ पट्ट्यांचें यंत्र तयार करून दिलें. अशा रीतीनें स्टुडिओंत दोन मोठीं उपकरणें कायमचीं येऊन बसलीं. एक फीत फिरविणारें यंत्र, आणि दुसरें ‘मिक्सर’ नांवाचें लांबरुंद टेबल, ज्यावर प्रत्येक पट्ट्याचा आवाज वरखालीं करण्याची सरकती खुंटी असे व त्याची पातळी दाखविणारा कांटा डोलत असे.

आज आपण ज्याला मुद्रणाचें सॉफ्टवेअर म्हणतों, तें दुसरें तिसरें कांहीं नसून ही सबंध खोलीच घडी घालून संगणकांत ठेवलेली आहे. म्हणूनच त्यांत मुख्य खिडक्या दोन. एक ट्रॅकांची खिडकी. तींत प्रत्येक वाद्याचा व गळ्याचा ध्वनि आडव्या पट्टीप्रमाणें डावीकडून उजवीकडे उलगडत जातो. ही जुन्या फितीची जागा. दुसरी मिक्सरची खिडकी. तींत प्रत्येक ट्रॅकासाठीं एक उभी पट्टी, तीवर सरकती खुंटी व शेजारीं हिरव्या-पिवळ्या-तांबड्या रंगाचा मीटर. ही त्या टेबलाची जागा. प्रो टूल्स नांवाच्या सॉफ्टवेअरमध्यें ह्या दोन खिडक्यांस अनुक्रमें एडिट आणि मिक्स अशींच नांवें आहेत. ह्यांखेरीज आवाजाला घुमारा देणारी, त्यांतील खर्ज किंवा तीव्र भाग कमी-जास्त करणारी, अशी प्रत्येक साधनाची आपली लहान खिडकी असते. शिवाय घड्याळाची खिडकी आणि गाण्याचे शब्द किंवा स्वरलिपि लिहिलेला कागद. एका लहानशा पाटावर पूजेचें सगळें साहित्य मांडूं गेल्यास जशी अवस्था होते, तशी अवस्था एका पडद्यावर ह्या खिडक्यांची होते. समई ठेवावी तर ताम्हन झांकतें, ताम्हन सरकवावें तर फुलांची परडी कलंडते.

म्हणून लोक दुसरा पडदा जोडतात. ही सोय नवी नव्हे. १९८७ सालच्या मॅकिंटॉश टू ह्या संगणकास एकाहून अधिक पडदे जोडतां येत असत, आणि विंडोजमध्यें ती सोय १९९८ सालच्या आवृत्तीबरोबर सर्वसामान्य माणसांच्या घरांत आली. आज कोणत्याही साध्या लॅपटॉपास एचडीएमआयच्या वायरीनें दुसरा पडदा लावतां येतो. वायर जोडल्यावर विंडोजची कळ दाबून धरून ‘पी’ हें अक्षर दाबावें. चार पर्याय पुढें येतात. त्यांतील ‘एक्स्टेंड’ हा निवडावा. ‘डुप्लिकेट’ निवडल्यास दोन्ही पडद्यांवर एकच चित्र उमटतें व आपली जागा मुळींच वाढत नाहीं. नंतर सेटिंग्जमधील ‘डिस्प्ले’ ह्या भागांत जावें. तेथें १ व २ असे आंकडे असलेले दोन चौकोन दिसतात. टेबलावर पडदे ज्या क्रमानें व ज्या उंचीवर ठेवले असतील, त्याच क्रमानें व त्याच उंचीवर ते चौकोन सरकवून ठेवावे. हें न केल्यास माऊसचा बाण उजवीकडे न्यावा तो डावीकडून निघतो, किंवा मध्येंच अदृश्य भिंतीस अडतो, आणि माणसाचा जीव मेटाकुटीस येतो. मॅक संगणकावर हीच व्यवस्था ‘डिस्प्लेज’ ह्या भागांतील ‘अरेंज’ ह्या कळीखालीं सांपडते.

येथपर्यंतचें काम मीं गेल्या वर्षीं आषाढांत मोठ्या उत्साहानें पार पाडलें होतें. आमच्या घरीं रीपर नांवाचें सॉफ्टवेअर आहे. त्यांतील मिक्सर एरवीं मुख्य खिडकीच्या तळाशीं चिकटलेला असतो. तो सोडवून मीं दुसऱ्या पडद्यावर नेला. पण तो पडदा ठेवावयास टेबलावर जागा नव्हती, म्हणून डाव्या हाताच्या पुस्तकांच्या कपाटावर ठेवला. त्यावर सगळे मीटर ओळीनें लुकलुकूं लागले, तेव्हां खोलीस स्टुडिओची शोभा आली असें मला वाटलें. समोरच्या पडद्यावर मीं ओव्यांचे शब्द मोठ्या अक्षरांत मांडले होते. कारण त्या दिवशीं माझी मावशी यावयाची होती.

मावशी त्र्याऐंशी वर्षांची. पहांटे जात्यावर बसून म्हटलेल्या ओव्या तिला शेंकड्यांनीं येत असत. त्यांतील कित्येक तिच्या आईच्या, म्हणजे माझ्या आजीच्या तोंडच्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनीं महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमविण्याचें काम उभें केलें, हें मीं वाचलें होतें. आपल्या घरच्या तेवढ्या तरी राखाव्या, ही इच्छा मनांत होती. मावशी माइकापुढें बसली, मीं मुद्रण सुरू केलें, आणि शब्द बरोबर जुळतात कीं नाहीं तें समोर वाचूं लागलों. आरंभीं तिचा आवाज लहान होता. माहेरच्या ओव्या आल्या तशी ती पुढें झुकली, आवाज चढला, डोळे भरून आले. चाळीस मिनिटें ती थांबली नाहीं. शेवटीं म्हणाली, “अरे, झालं का तुझं? आधीं पाणी दे मला.” मीं पाणी दिलें आणि मग कपाटाकडे मान वळविली. मीटराच्या डोक्यावर तांबडा ठिपका जळत होता. तो केव्हांपासून जळत होता, हें मला कळण्यास मार्ग नव्हता.

ऐकून पाहिलें, तों ज्या ज्या ठिकाणीं मावशीचा आवाज भावनेनें चढला होता, नेमकीं तींच ठिकाणें फाटलीं होतीं. पुढल्या आठवड्यांत पुन्हां बसूं असें ठरलें. त्या आठवड्यांत तिला ताप आला, आवाज बसला, आणि तो पुन्हां पूर्वीसारखा झाला नाहीं. माघांत ती गेली. नात त्या दिवशीं शाळेंतून आल्यावर एवढेंच म्हणाली, “आजोबा, मॉनिटर कशाला नेमतात? सांगायला ना? मग त्याला मागच्या बांकावर बसवून कसं चालेल?” चाळीस वर्षें मॉनिटर नेमणाऱ्या माणसास ह्यावर उत्तर नव्हतें.

आवाज फाटतो म्हणजे काय होतें, हें थोडक्यांत सांगतों. संगणक ध्वनीचें एका सेकंदांत सामान्यतः ४८,००० वेळां मोजमाप घेतो व प्रत्येक वेळीं एक आंकडा लिहून ठेवतो. ह्या मोजपट्टीचें वरचें टोक शून्य डेसिबल. त्याखालील सर्व आंकडे उणे. मोजपट्टी जेथें संपते त्याच्या वर आवाज गेला, तर लिहावयास आंकडाच उरत नाहीं. लाटेचा माथा कापला जाऊन सपाट होतो. जुन्या फितीवर आवाज थोडा अधिक झाला तर तो हळूहळू बिघडत असे. येथें एकदम कडेलोट होतो. कापलेला माथा खरोखर केवढा होता, हें नंतर कोणतेंही साधन निश्चितपणें सांगूं शकत नाहीं. तें अंदाजानें ठिगळ लावतें, इतकेंच. म्हणून गाणाऱ्याचा सर्वांत मोठा स्वर उणें १२ डेसिबलांच्या आसपास राहील, अशा बेतानें सुरुवातीसच पातळी लावावी. आवाज बारीक मुद्रित होईल ही भीति बाळगूं नये. २४ बिटांच्या मुद्रणांत खालच्या बाजूस भरपूर जागा असते. बारीक आवाज मागाहून वाढवितां येतो, फाटलेला शिवतां येत नाहीं.

आतां दुसरा प्रश्न. मीटर दिसत तर होता. डोळ्याच्या कडेस तो ठिपका कां जाणवला नाहीं? ह्याचें कारण आपल्या डोळ्याच्या रचनेंत आहे. आपणांस समोरचें सगळें स्पष्ट दिसतें असें वाटतें, पण खरोखर बारकाईनें दिसणारा भाग सुमारें दोन अंशांचाच असतो. हात लांब करून आंगठा डोळ्यांपुढें धरावा. त्याच्या नखाची जेवढी रुंदी, तेवढाच तो भाग. दोन फुटांवरील पडद्यावर हा भाग जेमतेम दोन सेंटिमीटर भरतो. बाकीचें सर्व आपण नजर भिरभिरवून जोडून घेतों. आणि नजर तर मन जेथें गुंतलें असेल तेथें खिळते. माझें मन शब्दांत होतें. दृष्टीआड सृष्टि ही म्हण आपण दूरदेशीं गेलेल्या वस्तूंविषयीं वापरतों. पण ती हातभर अंतरावरील कपाटासही तितकीच लागू पडते.

ह्यावरून मांडणीचा जो नियम मला सांपडला तो असा. खिडक्या किती आहेत ह्यावरून त्यांची जागा ठरवूं नये; ह्या क्षणीं मी कोणतें काम करीत आहें, आणि तें बिघडल्यास मला प्रथम कोण सावध करील, ह्यावरून ठरवावी. जी खिडकी सावध करते ती नाकासमोर. जी केवळ मदत करते ती बाजूच्या पडद्यावर. आणि जिचा ह्या कामाशीं संबंध नाहीं ती बंद. घरगुती मुद्रणांत कामें तीन असतात, तेव्हां मांडण्याही तीन कराव्या.

पहिलें काम प्रत्यक्ष मुद्रणाचें. ह्यांतील चूक पुन्हां सुधारतां येत नाहीं, म्हणून येथें सर्वांत कमी खिडक्या असाव्या. समोरच्या पडद्यावर ज्या ट्रॅकावर मुद्रण चाललें आहे तो एकच ट्रॅक उंच व ठळक करून ठेवावा, त्याचा मीटर मोठा करावा, आणि शेजारीं घड्याळ. शब्द वाचणें आवश्यक असेल तर तेही त्याच पडद्यावर, मीटरास लागून असावे. म्हणजे ओळ संपवून नजर वर येतांना मीटरावरून जातेच. आम्हीं आतां पडद्याच्या वरच्या दोन भागांत शब्द व खालच्या एका भागांत ट्रॅक अशी वांटणी केली आहे. दुसरा पडदा गाणाऱ्याकडे वळवून त्यावर त्याचे शब्द लावतां येतात. तसें करावयाचें नसेल तर तो काळा राहूं द्यावा. मीटर मात्र गाणाऱ्यास दाखवूं नये. आपला आवाज तांबड्याकडे जातो कीं काय ह्या धास्तीनें तो गाणें आंखडतें घेतो.

दुसरें काम संकलनाचें. म्हणजे खोकला काढणें, दोन वेळां गायिलेल्या ओळींपैकीं चांगली निवडणें, सुरुवात-शेवट नीट करणें. येथें काळ डावीकडून उजवीकडे धांवत असल्यामुळें ट्रॅकांच्या खिडकीस रुंदी हवी. समोरचा सबंध पडदा तिला द्यावा. कोणी ही खिडकी दोन्ही पडद्यांवर ताणून पसरतात. पण मग दोन पडद्यांमधील काळी चौकट बरोबर मध्यावर येते, आणि पुष्कळदां आपल्याला जेथें कापावयाचें असतें तें ठिकाण नेमकें तिच्याशीं येऊन थांबतें. बाजूच्या पडद्यावर शब्दांचा कागद, कोणती आवृत्ति कोठें चांगली झाली ह्याचें टिपण, आणि मिक्सर असावा.

तिसरें काम मिश्रणाचें. तंबोरा, तबला, पेटी आणि गळा ह्यांचें एकमेकांशीं प्रमाण बसविणें. येथें मिक्सर समोर यावा व ट्रॅकांची खिडकी बाजूस जावी. घुमाऱ्याच्या व स्वरभेदाच्या ज्या लहान खिडक्या उघडाव्या लागतात, त्यांस बाजूच्या पडद्यावर एक ठराविक कोपरा नेमून द्यावा. एका वेळीं एकच उघडी ठेवावी; काम झालें कीं मिटावी. चार ट्रॅकांच्या गाण्यावर बारा खिडक्या उघड्या ठेवून बसणें म्हणजे चार मुलांच्या वर्गावर बारा मास्तर नेमण्यासारखें आहे.

तीन मांडण्या म्हटल्यावर प्रत्येक वेळीं खिडक्या ओढीत बसावयाचें काय, अशी शंका येईल. तसें करावें लागत नाहीं. एकदां मनासारखी मांडणी केली, कीं ती नांव देऊन साठवितां येते आणि पुढें एका कळीनें जशीच्या तशी परत आणतां येते. रीपर आणि लॉजिक ह्या दोहोंमध्यें ह्या सोयीस स्क्रीनसेट म्हणतात; लॉजिकमध्यें १ ते ९ ह्या आंकड्यांच्या कळांवर त्या ठेवलेल्या असतात. क्यूबेसमध्यें तिला वर्कस्पेस असें नांव आहे, प्रो टूल्समध्यें विंडो कॉन्फिगरेशन. नांव निराळें, वस्तु एक. मात्र ऑडॅसिटीसारखें सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनीं हळहळूं नये. त्यांत बहुतेक सारें काम एकाच खिडकींत होतें, आणि एकटा गळा मुद्रित करावयास तेवढें पुरतें. दुसरा पडदा हा गरजेचा प्रश्न आहे, प्रतिष्ठेचा नव्हे.

आतां दोन अडचणी सांगतों, ज्यांनीं नवखा माणूस हमखास गोंधळतो. पहिली अशी कीं, पडदे दोन असले तरी की-बोर्ड एकच असतो, आणि तो एका वेळीं एकाच खिडकीचें ऐकतो. आपण बाजूच्या पडद्यावरील शब्दांवर माऊसनें टिचकी मारली, आणि मग मुद्रण थांबविण्यासाठीं लांब पट्टीची कळ दाबली, तर मुद्रण थांबत नाहीं. शब्दांच्या कागदावर एक मोकळी जागा तेवढी उमटते. म्हणून कळ दाबण्यापूर्वीं मुद्रणाच्या खिडकीवर एकदां टिचकी मारण्याची संवय लावून घ्यावी. दुसरी अडचण खिडकी हरविण्याची. दुसरा पडदा काढून ठेवला आणि लॅपटॉप एकटाच सुरू केला, तर कांहीं खिडक्या त्या नसलेल्या पडद्यावर जाऊन उघडतात. त्या चालू असतात, पण दिसत नाहींत. अशा वेळीं घाबरून सॉफ्टवेअर पुन्हां बसविण्याचें कारण नाहीं. विंडोजची कळ व शिफ्ट दाबून धरून डावा किंवा उजवा बाण दाबला, कीं निवडलेली खिडकी पुढल्या पडद्यावर उडी मारते. शहाणपण असें कीं, एका पडद्यासाठीं चौथी एक मांडणी साठवून ठेवावी, म्हणजे प्रवासांत ती उपयोगीं पडते.

खिडक्यांच्या मांडणीइतकीच पडद्यांची बैठक महत्त्वाची आहे. चोवीस इंची दोन पडदे शेजारीं शेजारीं ठेवले तर एक मीटराहून अधिक रुंदी भरते. त्यांच्या सांध्यासमोर बसल्यास माणूस सबंध वेळ मान एकीकडे वळवून काम करतो, आणि चार दिवसांनीं मानेस कळ लागते. म्हणून मुख्य पडदा छातीसमोर, सुमारें हातभर अंतरावर, त्याची वरची कडा डोळ्यांच्या रेषेंत किंवा किंचित् खालीं; आणि दुसरा त्यास चिकटून, पुस्तकाचें पान उघडावें तसा आंत वळविलेला. कपाटावर नव्हे, पाठीशीं नव्हे.

ध्वनिक्षेपकांचाही विचार येथेंच करावा. दोन ध्वनिक्षेपक आणि ऐकणाऱ्याचें डोकें ह्यांचा समभुज त्रिकोण व्हावा, व त्यांतील उंच स्वरांचा लहान पडदा कानांच्या उंचीवर यावा, हा सर्वमान्य नियम आहे. संगणकाचे पडदे रुंद झाले कीं ते ध्वनिक्षेपकांस बाहेर ढकलतात, आणि बाहेर जागा नसल्यास लोक त्यांस पडद्यांच्या मागें ठेवतात. मग कांचेआडून बोलणाऱ्या माणसासारखा आवाज येतो. ध्वनिक्षेपक पडद्यांच्या थोडे पुढें असावे, मागें कधींही नसावे; आणि सपाट पडद्यावर आपटून आवाज परततो, म्हणून तिरपा पडदा ध्वनिक्षेपकाच्या अगदीं तोंडासमोर येऊं देऊं नये. जागा पुरत नसेल तर दुसरा पडदा काढावा, ध्वनिक्षेपक नव्हे. शेवटीं आपण काम कानाचें करीत आहों, डोळ्यांचें नाहीं.

हीच गोष्ट मला अखेरीस सांगावयाची आहे. दोनाचे तीन पडदे करावे काय, असें मला शेजारचे एक गृहस्थ विचारीत होते. मीं त्यांस म्हटलें, पडदे जितके वाढतात तितका कान मागें पडतो. डोळ्यांस आकृति दिसूं लागली, कीं माणूस आकृति सुंदर करूं लागतो. लाट येथें बारीक आहे म्हणून वाढवितो, तेथें मोठी आहे म्हणून कापतो, आणि गाण्यांतील श्वास निघून जातो. आमच्या घरीं असा परिपाठ आहे कीं, मिश्रण पुरें झालें असें वाटतांच दोन्ही पडदे बंद करावे, दिवा मालवावा, आणि गाणें पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदां नुसतें ऐकावें. जी चूक तेव्हां कानांस बोंचेल तेवढीच खरी.

त्या चाळीस मिनिटांपैकीं, जेथें मावशीचा आवाज लहान होता तेथील नऊ ओव्या स्वच्छ निघाल्या. त्या नातीनें नीट करून तिच्या मुलांकडे पाठविल्या. फाटलेल्या ओव्याही आम्हीं पुसून टाकल्या नाहींत. शब्द तरी त्यांत आहेत. आपल्यापैकीं ज्यांच्या घरीं अशी एखादी मावशी, आत्या किंवा आजी अजून गुणगुणत असेल, त्यांनीं चांगला मुहूर्त पाहत बसूं नये. आणि ज्या दिवशीं बसाल त्या दिवशीं दुसरें कांहीं साधलें नाहीं तरी चालेल, पण मॉनिटर पहिल्या बांकावर, आपल्या नजरेसमोर बसवावा. मागच्या बांकावरून तो ओरडत असतो, आणि आपण फळ्यावर लिहीत असतों.